वाचनाचा सोबती

महाराष्ट्रात ग्रंथालयांची वाण नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाण आहे ती सोबत्याची. ग्रंथालयात शिरताच 'शांतता राखा' ही पाटी दिसते. पाटी योग्यच आहे. परंतु तिच्या छायेत एकाच बाकावर वर्षभर वाचणारे दोघे परस्परांस नावानेही ओळखत नाहीत! एकट्याने वाचणाऱ्याचे मत खोडून काढणारा कोणी भेटत नाही. मग वाचले तितके सारे समजले, असा त्यास भ्रम होतो, आणि पुढे गोडीही मावळते. आमच्यापैकी कित्येकांचे असेच झाले आहे.

सोबती शोधावा कोठे? प्रथम ग्रंथपालांस विचारावे. आपल्याच आवडीची पुस्तके आणखी कोण नेतो, हे त्यांस ठाऊक असते. बसावयास सभागृहच हवे असेही नाही. २०१७ साली शासनाच्या पुढाकाराने पाचगणीनजीकच्या भिलार गावी घराघरांतून पुस्तके ठेवण्यात आली. तेथे परका वाचक गावकऱ्याच्या घरी बसून वाचतो. आम्हांस एखादी ओसरी पुरे. चौघे जण, एक पुस्तक, महिन्यातून एक सायंकाळ. अध्यक्ष, वर्गणी, ठराव यांच्या भरीस मात्र पडू नये. आमचे पहिले मंडळ नियमावली लिहिता लिहिताच विसर्जित झाले. आणि पुस्तक ज्यास आवडले नाही, त्यास प्रथम बोलू द्यावे.

येत्या जूनपासून पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसणार आहोत. पुस्तक अद्याप ठरलेले नाही.