परसांतील हळद केव्हां काढावी ?

संक्रांतीचें हळदीकुंकू जवळ आलें, कीं परसांत हळद लावलेल्या घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : “आतां काढावी का ?” त्यास आमचें उत्तर असें, कीं सणाचा दिवस पंचांगांत पाहावा, हळदीचा दिवस हळदीच्या पानांत पाहावा.

आपल्या नांदेड-लातुराकडे बहुधा सेलम जातीची हळद लावितात. ती तयार होण्यास साडेआठ ते नऊ महिने लागतात. जूनच्या आरंभीं लावलेली हळद संक्रांतीस जेमतेम साडेसात महिन्यांची होते. म्हणजे तिचा काळ माघाच्या अखेरीस किंवा फाल्गुनांत येतो. त्या सुमारास बुडाकडील पानें प्रथम पिवळीं पडतात व वाळत वर चढतात. सगळ्या वाफ्यांत बहुतेक पानें अशीं वाळून लवलीं, म्हणजे पीक पक्व झालें असें समजावें. मात्र पिवळेपणानें फसूं नये. पाणी कमी पडलें तरी पानें पिवळीं होतात, आणि करप्यानें त्यांवर तांबूस ठिपके पडून तीं वाळतात. वय पुरें नसतां आलेला पिवळेपणा हें पक्वतेचें नव्हे, पीडेचें चिन्ह होय.

तरीहि शंका राहिल्यास कडेचा एक गड्डा उकरून पाहावा. हळकुंडाचें टोंक पांढुरकें असेल, साल अंगठ्यानें सहज निघत असेल, तर माती परत लोटावी. साल घट्ट असून मोडतांच आंत गडद केशरी रंग दिसला, तर काढण्यास हरकत नाहीं. पान हिरवें आहे तोंवर तें खालीं अन्न पाठवीत असतें. म्हणून घाईनें काढलेली हळद वाळतांना सुरकुतते, रंगास फिकी पडते व वजनास कमी भरते. उलट फार दिवस राहूं दिली, तर कोंब फुटून कस उतरतो.

काढण्यापूर्वीं सुमारें पंधरा दिवस पाणी तोडावें. मग पाला जमिनीलगत कापून चार-पांच दिवस तसेंच राहूं द्यावें. काळी जमीन फार आवळली असल्यास हलकें पाणी देऊन, वाफसा आल्यावर कुदळीनें बेतानें खणावें. जेठे गड्डे बेण्यासाठीं निराळे काढून सावलींत पाल्याखालीं झांकून ठेवावे. हळकुंडें पाऊण ते एक तास उकडावीं. फेस येऊन हळदीचा वास सुटला आणि काडी सहज आंत गेली, म्हणजे उतरावीं. नंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन द्यावें. पांच किलो ओल्या हळदीची वाळून सुमारें एक किलो होते, हें आधींच ध्यानांत ठेवावें, म्हणजे मन खट्टू होत नाहीं.

कोणी म्हणतील, नांदेड व वसमत येथें हळदीच्या एवढ्या मोठ्या पेठा असतां, व वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें असतां, ही यातायात कशाला ? पेठेंतील अखंड हळकुंड पारखून घेण्यास आमची ना नाहीं. परंतु तयार पुडीची गोष्ट वेगळी. पिवळा रंग खुलविण्यासाठीं हळदींत लेड क्रोमेट नांवाचें शिशाचें रंगद्रव्य मिसळलें जात असल्याचें बांगलादेशांतील संशोधनानें २०१९ सालीं उघड केलें. भारतांतहि अशी भेसळ आढळली आहे. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, आणि हळद तर आपण रोज त्यांच्या वरणांत व आजारपणीं दुधांत घालतों. ज्या हळदीचा विश्वास बाळगावयाचा, ती अपुरी काढून निकस कां करावी ?

अमरकोशांत रात्रीचीं जीं नांवें, तींच हळदीसहि दिलीं आहेत. रात्र आपल्या क्रमानेंच सरते. कोणी उठविल्यानें पहांट लवकर होत नाहीं. यंदा संक्रांतीस गतवर्षींची हळद वापरावी, आणि परसांतील हळदीस आणखी दीड महिना मातींत सुखानें राहूं द्यावें.