झील कोण ओढणार? महामारी आणि शाळेतले संगीत नाटक

२४ जानेवारी २०२२ पासून शाळा उघडायला राज्य सरकारने मुभा दिली आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. तेव्हा सगळीकडे एकच घाई होती, बुडालेला अभ्यास भरून काढण्याची. मनवेलपाड्यात एखाद्या मुलाला विचारले, यंदा ग्यादरिंग आहे का? तर बहुतेकदा उत्तर यायचे की नाचाचा किंवा गाण्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा आहे. पालकांना यात काही वावगे वाटत नव्हते. आम्हाला मात्र वाटते.

शाळेत संगीत नाटक बसते तेव्हा प्रमुख भूमिका दोघा-तिघांनाच मिळते, बाकीची तीस-चाळीस मुले मागे उभी राहून गातात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथे तिसऱ्या रांगेत उभी राहून पहिल्यांदा मोठ्याने गाते, कारण तिच्या आवाजाला शेजारच्या चौघींचा आधार असतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भिवाला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागत होते. इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी. तरीही 'ग्यादरिंग नाही झाले तर काय बिघडले' असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात, तेव्हा नवल वाटते.

२०२० मध्ये हे सारे बंद झाले ते योग्यच होते. समूहगायनाचा धोका खरा होता. त्या वर्षी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. १० मार्च हा सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या. साथीला हलके घेण्याची शिकवण आपल्या परंपरेत नाही.

प्रश्न पुढचा आहे. मंच बंद झाल्यावर त्याच्या जागी जे आले, त्यात कोण उरले? फोनवरून एकत्र गाता येत नाही, हे ज्याने प्रयत्न केला त्याला ठाऊक आहे. प्रत्येकाचा आवाज थोडा उशिराने पोचतो, ताल जुळत नाही. म्हणून एकेकाने वेगळे रेकॉर्ड करायचे आणि कुणीतरी ते जोडायचे. त्यासाठी चांगला फोन हवा, डेटा हवा, शांत खोली हवी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. विरारच्या चाळीत फोन असला तरी तो एकच, आणि सकाळच्या लोकलने बापाबरोबर कामावर जाणारा. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू होती, तेव्हा तिने इस्पितळात आणि सफाईच्या कामावर जाणाऱ्यांत आपले किती लोक होते, ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या मुलांचे व्हिडिओ कधी झालेच नाहीत. सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' चांगली होती, तिला इंटरनेट लागत नव्हते. पण टीव्ही मुलाचे गाणे ऐकून घेऊ शकत नाही.

शाहिराच्या मागे झील ओढणारे झीलकरी असतात. साथीच्या दोन वर्षांत शाळांनी शाहीर तेवढे ठेवले आणि झीलकरी घरी पाठवले. आम्हाला भीती ही आहे की ही सोय कायमची होईल. व्हिडिओ स्वस्त पडतो. मैदान नको, मंडप नको, तालमीसाठी शिक्षक थांबायला नको. तसे साथीच्या आधीही सगळे आलबेल नव्हते. बाहेरून आणलेला नृत्यदिग्दर्शक, सिनेमाची गाणी, भाड्याचा पोशाख आणि त्याची वेगळी वर्गणी, यात गरीब मूल आपोआप गळायचे. ते ग्यादरिंग जसेच्या तसे परत आणा, असे आमचे म्हणणे नाही.

आपल्याकडे दुसरा नमुना आहे. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, त्याआधीचे सत्यशोधक जलसे. वस्तीतली मोकळी जागा, मोजकी वाद्ये, अंगावरचेच कपडे आणि गाण्यातून पुढे सरकणारा विषय. साथीच्या काळात शास्त्रज्ञांनी जे सांगितले ते या प्रकाराला नेमके जुळते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि मेरीलँड विद्यापीठांच्या अभ्यासातून आलेला सल्ला असा: शक्यतो उघड्यावर गा, मास्क लावा, अंतर ठेवा आणि बंद खोलीत गायचेच असेल तर ३० मिनिटांनी थांबून हवा बदलू द्या. १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी सुरू झाले. त्याहून लहान मुलांना तेव्हा लस नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी छोटे गट करावे लागले असते आणि प्रेक्षक कमी ठेवावे लागले असते. संख्येवरचे तेव्हाचे निर्बंध पाळूनही अर्ध्या तासाचा जलसा बसला असता.

अडचण जागेची आहे. इमारतीच्या मजल्यांवर भरणाऱ्या खासगी शाळांना मैदान कुठले? वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, पण २०२२ च्या सुरुवातीला तिची स्वतःची शाळा नव्हती. सरकारी शाळा तेव्हा जिल्हा परिषदेच्या होत्या. म्हणजे मैदान मागायचे एका कार्यालयात आणि शाळेची परवानगी दुसऱ्यात, अशी स्थिती होती. हे हेलपाटे तरुणांनी वाटून घेतले पाहिजेत. विहारांची अंगणे तर आपल्याच हातात आहेत, सायंकाळी तालमीला ती उघडी ठेवता येतील.

खासगी शाळांतल्या पालकांनी आणखी एक विचारावे. १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने २०२१-२२ च्या शुल्कात १५ टक्के कपात सांगितली होती. ती मिळाली का, आणि उरलेल्या शुल्कात स्नेहसंमेलनाचा खर्च धरला आहे का? २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्काच्या मंजुरीत स्थान दिले आहे. त्या समितीत आपले पालक क्वचितच दिसतात. पुढच्या वर्षीची समिती जूननंतर निवडली जाईल, तेव्हा नावे द्यायला विसरू नका. त्याआधी १४ एप्रिल आहे. तालमीला दोन महिने मिळतात, आणि या वेळी तिसऱ्या रांगेसाठी मुले आधी गोळा करा, प्रमुख भूमिका नंतर ठरवता येईल.