जज कोन ठरवते बावा?

किन्हीराजाच्या फाट्यावर चहा पीत होतो. चुलत्यानं इचारलं, "तू कायदा शिकला ना लेका? मंग सांग. सरपंचाले आपन मत देतो. आमदाराले देतो. तलाठी परीक्षा देऊन येते. मंग हायकोर्टाचा जज कोन ठरवते बावा?"

मी म्हटलं, "जजच ठरवतात, काका."

चुलता हसला. म्हणाला, "मंग वतनदारीच म्हन की!"

दोस्तांनो, त्या हसण्यानं माझी झोप उडाली. चुलत्याचा सवाल रिकामपणाचा नाही. त्यानं उभी हयात गायरानाची तीन एकर वाहिली. धोंडे वेचले, बांध घातला, तूर पेरली. २०२२ साली हायकोर्टानं राज्यभरातल्या गायरानावरच्या अतिक्रमणांना हात घातला. ३१ डिसेंबरपर्यंत सगळं साफ करा म्हणून फर्मान निघालं आणि गावोगाव नोटिसा आल्या. चुलत्याच्या हातातही एक कागद पडला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानं कसणाऱ्यांच्या नावे करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आहे, हे त्याला मीच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे त्या जजाले कोनी वाचून दाखवन का?"

आमच्या वाशीम जिल्ह्याचं हायकोर्ट नागपुरात. दोनशे किलोमीटरांच्या वर. पण त्या खुर्चीत बसलेल्याची लेखणी थेट आमच्या चुलीपर्यंत पोचते. खैरलांजी विसरलात काय? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. खालच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं ती फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि सांगितलं, हा जातीचा खून नाही, सुडाचा आहे. जात कुठं असते आणि कुठं नसते हे ठरवायला बसलेली माणसं कुठून आली, त्यांना कुणी निवडलं, हे विचारणं हा बेअदबीचा गुन्हा असेल तर तो गुन्हा मी करतो. लिहून घ्या.

आता मुंबईच्या हायकोर्टाच्या दोन फायली शेजारी शेजारी ठेवतो. तुम्हीच वाचा.

फाईल पहिली. वकील सोमशेखर सुंदरेसन. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या कॉलेजियमनं नाव सुचवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमनं ते पुढं पाठवलं. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं परत फेकलं. का? तर कोर्टापुढं असलेल्या विषयांवर या माणसानं समाजमाध्यमांवर मतं मांडली! जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं ठणकावून परत पाठवलं की मत असणं हा दोष नाही. तरी नेमणूक व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. दोन वर्षं.

फाईल दुसरी. वकील आरती साठे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाजपच्या महाराष्ट्र प्रवक्त्या झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये पद सोडलं. २८ जुलै २०२५ ला कॉलेजियमनं नाव मंजूर केलं. विरोधकांनी ओरड केली. पक्षानं सांगितलं, बाईंनी राजीनामा कधीच दिलाय. ऑगस्टमध्येच नेमणूक झाली.

बाई वकील म्हणून कच्च्या आहेत असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. तोच तर मुद्दा आहे! सुंदरेसनांच्या वेळी कॉलेजियमनं कारणं लिहिली. साठेबाईंच्या वेळी कागदावर नावं होती, कारणं नव्हती. एका माणसाचं मत सरकारला टोचतं म्हणून दोन वर्षं दाराबाहेर उभं करायचं, आणि सरकारी पक्षाचं मत रोज माईकवर मांडलेल्या माणसाला महिन्याच्या आत आत घ्यायचं. मापं दोन. दुकान एकच.

आता काँग्रेसवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. आणीबाणीत मुंबई हायकोर्टाचे अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. ललित यांनी विद्यार्थ्यांना जामीन दिला. त्यांना कायम केलं नाही. बहरुल इस्लाम हे काँग्रेसचे खासदार. १९७२ मध्ये ते गुवाहाटीला जज झाले, १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसचे खासदार! ही पायवाट तुम्हीच पाडली, बावाहो. आता तिच्यावरून दुसरे चाललेत म्हणून कुरकुरता.

आणि राजकारण केलेला माणूस जज होऊच नये, असंही मी म्हणत नाही. कृष्ण अय्यर केरळात १९५७ च्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. पुढं जज झाले आणि गरिबाच्या बाजूनं कायदा वाकवला. सवाल पक्षाचा नाही. सवाल आहे, हे सगळं कुणाच्या समोर ठरतं? कुणाला हरकत घेता येते?

हरकत घेतली की काय होतं ते ७ फेब्रुवारी २०२३ ला देशानं पाहिलं. मद्रास हायकोर्टासाठी व्हिक्टोरिया गौरी यांचं नाव. त्या भाजपच्या महिला मोर्चाच्या पदाधिकारी होत्या, मुसलमान-ख्रिश्चनांविरुद्ध बोलल्या-लिहिल्या, असं म्हणत मद्रासचे वकील सुप्रीम कोर्टात गेले. सकाळी दिल्लीत सुनावणी, त्याच सकाळी चेन्नईत शपथ. इकडं युक्तिवाद चाललाय, तिकडं बाईंनी शपथ घेतली! कोर्ट म्हणालं, पात्रता आम्ही तपासू, लायकी नाही. ती कॉलेजियमनं पाहिली. गुवाहाटीच्या एका नेमणुकीत राष्ट्रपतींची सही झालेली होती, तरी १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. पण ते माणूस कायद्यानं पात्रच नव्हता म्हणून. म्हणजे दहा वर्षं वकिली भरली की झालं. मन कसं आहे, नजर कशी आहे, हे विचारायची खिडकीच नाही.

आणि आता आपल्या घरातलं बोलतो. राग आला तर येऊ द्या.

गौरींची याचिका फेटाळणाऱ्या दोघांच्या बेंचवर भूषण गवई होते. आपल्या अमरावतीचे. रिपब्लिकन पुढारी रा. सू. गवईंचे चिरंजीव. सुनावणीत त्यांनी सांगितलं की माझीही राजकीय पार्श्वभूमी होती, ती कधी आड आली नाही. १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले. आमच्या वस्तीत पेढे वाटले. मीही खाल्ले. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. ६ ऑक्टोबर २०२५ ला एका वकिलानं त्यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला तेव्हा रक्त खवळलं, आणि खवळायलाच पाहिजे होतं. तो बूट आपल्या सगळ्यांवर होता. पण साठेबाईंचं नाव त्यांच्याच कारकिर्दीत कॉलेजियममधून गेलं, तेव्हा आपण गप्प बसलो. आपला माणूस आत आहे म्हणून बंद दार उघडं होत नाही. तो २३ नोव्हेंबरला निवृत्त झाला. दार तिथंच आहे.

बाबासाहेबांनी हे आधीच पाहिलं होतं. २४ मे १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले की सरन्यायाधीशही शेवटी माणूस आहे, माणसाचे गुणदोष त्यालाही आहेत. नेमणुकीचा शेवटचा शब्द त्याच्या हाती देणं धोक्याचं. मंत्र्याच्याही मुठीत त्यांनी ते दिलं नाही. १९९३ मध्ये जजांनी निकाल देऊन स्वतःच ती मूठ आवळली. २०१५ मध्ये सरकारचा आयोगही रद्द केला. तो आयोग काही आपल्या उद्धाराला निघाला नव्हता. पण दोन मालकांच्या भांडणात कुळाचा काय फायदा?

हिशेब ऐका. २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत हायकोर्टांत ७१५ जज नेमले गेले. त्यात अनुसूचित जातीचे २२. अनुसूचित जमातीचे १६. हा आकडा सरकारनंच संसदेत सांगितला. शंभरात आपले तीन! लायकीच्या नावाखाली काय विकलं जातंय ते आता मला कुणी शिकवू नये.

म्हणून मागतो ते सरळ मागतो. हायकोर्टासाठी नाव निघालं की ते आधी जाहीर करा. हरकतीला महिना द्या. हरकतीला लेखी उत्तर द्या. माणूस का घेतला, का नाकारला, कारण लिहा. गेल्या काही वर्षांतली पक्षाची पदं उघड सांगा, मग पक्ष कुठलाही असो. आणि दरवर्षी सांगा की कुठल्या समाजातली किती नावं विचारात घेतली आणि किती गाळली.

ग्रामपंचायतीत शौचालयाची यादीसुद्धा भिंतीवर लावतात. गाव वाचतं, हरकत घेतं. हायकोर्टाच्या जजाची यादी त्याहून लहान गोष्ट आहे काय?

चुलता अजून तूर पेरतो. दरवेळी विचारतो, "काय झालं रे कोर्टाचं?" त्याला उत्तर देणारं दार जोवर उघडत नाही, तोवर आपण ते ठोकत राहू. हातानं ठोकू, लेखणीनं ठोकू.

जयभीम!