पैसा केव्हा वस्तू होतो?

जुनी नाणी आणि नोटा जमविण्याचा छंद आपल्या समाजास नवा नाही. देवघरातील डबीत जपलेली शिवराई, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा क्रमांकात ७८६ हे आकडे असलेली नोट अनेक घरांत आढळते. मात्र अशा ठेव्याची खरेदी-विक्री सुरू झाली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : पैसे देऊन पैसाच घ्यायचा, तर त्यावर कर कशासाठी?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यातच आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ प्रमाणे पैसा ही 'वस्तू' नव्हे. परंतु 'पैसा' या संज्ञेची व्याख्या करताना, नाणकशास्त्रीय मूल्यासाठी बाळगलेले चलन तीतून वगळण्यात आले आहे. पाच रुपयांची तीच नोट वाण्याला दिली तर पैसा, आणि संग्राहकाने व्यापाऱ्याकडून पन्नास रुपयांस घेतली तर वस्तू. भेद कागदाचा नाही, हेतूचा आहे. सुटे पैसे घेणाऱ्यावर कर लादणे जितके अन्यायाचे, तितकेच दर्शनी मूल्याच्या अनेक पट किंमत घेणाऱ्या व्यापारास करमुक्त ठेवणेही गैर ठरले असते.

कराचा भारही अवाजवी नाही. नाणकशास्त्रीय नाण्यांवर ५ टक्के कर आहे. इतर संग्राह्य वस्तूंवरील १२ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. शिवाय जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, केवळ खरेदी व विक्री किमतींतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. 'नाणकशास्त्रीय मूल्य' कशावरून ठरवावे, याचा निकष अधिनियमात दिलेला नाही. तो स्पष्ट झाल्यास प्रामाणिक व्यापारी आणि ग्राहक दोघांचीही सोय होईल.

तोवर कर वाचविण्यासाठी बिलाशिवाय खरेदी करण्याचा मोह टाळणेच श्रेयस्कर. दुर्मीळ म्हणून घेतलेले नाणे बनावट निघाले, तर दाद मागण्यास बिल हाच आधार असतो. पाच टक्के वाचविताना शंभर टक्के गमावण्याची वेळ येऊ नये.

याहून मोठा धोका विकणाऱ्यास आहे. 'तुमच्या जुन्या नोटेचे लाखो रुपये मिळतील, फक्त कराची रक्कम आधी भरा', अशा दूरध्वनींना बळी पडून कष्टाची पुंजी गमावणारे कमी नाहीत. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागण्याचे प्रकार घडू लागल्याने बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला : अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क मागत नाही आणि कोणासही तसा अधिकार तिने दिलेला नाही.

येथे कायद्याचे साधे ज्ञानच ढालीचे काम करते. वस्तू व सेवा कर व्यवसायाच्या ओघात झालेल्या विक्रीवर असतो. घरातला जुना ठेवा एकदा विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही. व्यापाऱ्याकडून होणाऱ्या विक्रीतही कर बिलात दाखविला जातो आणि किमतीसोबत खरेदीदाराकडून घेतला जातो. तेव्हा विकणाऱ्याकडेच कर आगाऊ मागितला जात असेल, तर ती फसवणूक समजावी.

छंद मनाला आनंद देतो, जाण त्या आनंदाचे रक्षण करते. खरेदी करताना बिल मागावे, विकताना कोणासही आगाऊ रक्कम देऊ नये, आणि शंका आल्यास पैसे पाठविण्यापूर्वी आपल्या शाखेत विचारणा करावी. नाणे पारखून घेण्याची आपली जुनी रीत आहे. आता व्यवहारही तसाच पारखून घ्यावयास हवा.