सहलीची बॅग भरताना



डिसेंबर आला की मुरगूडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या वाढतात आणि घरात मुलांची भुणभुण सुरू होते, "यंदा सुट्टीत कुठं जायचं?" आमच्याकडं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, कोकण. निपाणीकडून येणारा रस्ता मुरगूडवरून मुधाळ तिट्ट्याला जातो. पुढं राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरला की देवगडचा समुद्र. पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचतो.

गेल्या वर्षी आम्ही असेच निघालो. 'थंडीचे दिवस आहेत' म्हणून मुलांना जाड जाकिटं नवी घेतली. धाकट्याला तर बनियन, फुलशर्ट, स्वेटर, वर कानटोपी असं सगळं चढवलं. दाजीपूरपर्यंत सगळं ठीक होतं. घाट उतरल्यावर तो रडू लागला. भूक लागली असेल, गाडी लागली असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. शेवटी अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच्या मानेखाली हात घातला. पाठ घामानं चिंब, गळ्यावर घामोळ्या उठलेल्या.

चूक कुठं झाली, ते नंतर उमगलं. आम्ही महिना बघून कपडे भरले होते, वेळ बघून नाही. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहून खाली. दाजीपूर आपल्यापेक्षा उंचावर, शिवाय जंगलाचं, त्यामुळं तिथं गारवा आणखी बोचतो. पण त्याच दिवशी दुपारी देवगडला पारा ३० च्या वर असू शकतो. हिवाळ्यात कोकणात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. समुद्रावरचा गार वारा सुरू व्हायला दुपार होते, तोवर ऊन चांगलंच तापतं. म्हणजे आपली थंडी मुक्कामाला नसते. पहाटे येते आणि दहाच्या सुमारास निघून जाते.

म्हणून एकच नियम धरा. जे कपडे पहाटे अंगावर चढतील, ते दहा वाजता गाडीतच उतरवता आले पाहिजेत. एका जाड जाकिटापेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण दोन थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. आत सुती कपडा, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर, वर शाल किंवा मफलर, एवढं पुरतं. नव्या खरेदीची गरज नाही. घरात घोंगडं किंवा पातळ वाकळ असेल तर गाडीत घ्या. पहाटे पायांवर आणि दुपारी वाळूत बसायला, दोन्हीकडं उपयोगी पडते.

तान्ह्या बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढाच हिशेब. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेखाली किंवा पाठीला हात लावून बघा. तिथं घाम असेल तर एक थर काढा. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर बंद गाडीत टोपी ठेवू नका. वडीलधाऱ्यांचं उलटं असतं. थंडी वाजली तरी ते बोलत नाहीत. त्यांचे कान आणि पाय झाकलेले हवेत, आणि मोजे फरशीवर न घसरणारे हवेत. फजरच्या वजूचं पाणी गार असतं. बाह्या कोपरापर्यंत सहज वर जाणाऱ्या असाव्यात, नाहीतर ओली बाही घेऊनच प्रवास होतो.

बुरख्याबद्दल बहिणी नेहमी विचारतात, काळ्या रंगात जास्त उकडतं का? १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या झग्यांवरचा अभ्यास छापून आला होता. झगा काळा असो वा पांढरा, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळं कापड तापतं खरं, पण झगा सैल असल्यानं आतली हवा खेळती राहते आणि जास्तीची उष्णता बाहेर निघून जाते. तेव्हा रंगापेक्षा कापडाकडं आणि सैलपणाकडं बघा. घट्ट, अंगाला चिकटणारा नायलॉनचा बुरखा सहलीला नको. पातळ, सैल, लवकर वाळणारा घ्या.

पायात कोल्हापुरी चप्पल शोभते, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं चामडं कडक होतं. वाळूत रबरी चप्पलच बरी. आणि पाण्यात उतरताना एक गोष्ट विसरू नका. भिजलेला बुरखा, साडी किंवा ओढणी जड होते, पायांत गुंडाळते. घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहा, त्यापुढं नको.

आता खरी गोष्ट सांगते. गेल्या वर्षी मी मुलांचे तीन-तीन जोड भरले, त्यांच्या अब्बांचे दोन भरले. स्वतःसाठी फोटोत चांगले दिसतील असे दोन भारी ड्रेस घेतले, बस्स. किनाऱ्यावर सगळे पाण्यात गेले. अम्मी आणि मी चपला राखत वाळूत बसलो. अम्मी म्हणाल्या, "जा की गं तू."

"भिजले तर बदलायला काही नाही, अम्मी."

"मग माझ्याकडं तरी कुठं हाय?"

दोघीही हसलो, पण ते मनात राहिलं. सत्तरीच्या अम्मींनी पाच वेळा समुद्र बघितला, पाय एकदाही भिजवले नाहीत. कारण बॅग भरणाऱ्या बाईनं, मग ती त्या असोत की मी, भिजण्यासाठी कपडे कधी भरलेच नाहीत.

तेव्हा बहिणींनो, यंदा बॅग भरताना सगळ्यात आधी स्वतःचा एक जादा जोड ठेवा. जुना, गडद रंगाचा, भिजला तरी अंग न दाखवणारा. सोबत एक टॉवेल आणि ओले कपडे भरायला पिशवी. नमाजची ओढणी वेगळ्या पिशवीत, कोरडी.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय. काल अम्मींची बॅग आवरताना तळाशी एक जुनी सुती साडी सापडली. ही कशाला, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे. ती भिजायलाच घेतलीय."