मनाचाही आलेख हवा

परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या मोटर न्यूरॉन डिसीजच्या रुग्णाची पहिली चिंता हातापायांची असते. स्नायूंना आज्ञा पोचविणाऱ्या चेतापेशी झिजत जातात, पकड सुटते, जीभ जड होते, पुढे श्वासही अपुरा पडतो. अशा वेळी ‘शरीर थकले तरी बुद्धी शाबूत राहते’ हा एकच दिलासा घरच्यांना मिळतो. दुर्दैवाने तो सर्वांच्या बाबतीत खरा नाही.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हापासून शतकभर तो निव्वळ शरीराचाच मानला गेला. १९६३ मध्ये निदान होऊनही पुढे अर्धशतक संशोधन करणाऱ्या स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणाने लोकमानसात ही समजूत पक्कीच केली. परंतु सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारात वा वर्तनात कमीअधिक बदल होतात आणि दहा ते पंधरा टक्क्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया जडतो, हे आता मान्य झाले आहे. हे दोन्ही विकार एकाच जनुकातील दोषातून उद्भवू शकतात, हेही २०११ मध्ये उघड झाले.

हा बदल विसराळूपणाच्या रूपाने येईलच असे नाही. लालबागच्या चाळीत राहणारा एखादा निवृत्त कारकून डोळ्यांसमोर आणावा. जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवणारा हा गृहस्थ एकाएकी उधळा होतो, पत्नीच्या आजारपणाविषयी निर्विकार राहतो, गोड पदार्थांचा हट्ट धरतो आणि श्वासाचे यंत्र लावून घ्यायला नकार देतो. घरचे म्हणतात, ‘दुखण्याने स्वभाव बिघडला.’ वस्तुतः बिघाड मेंदूच्या पुढच्या भागात असतो. पण तो कोणी न सांगितल्याने दोष माणसाच्या माथी मारला जातो. दहा बाय बाराच्या खोलीत शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला अंगमेहनतीपेक्षा हे परकेपणच अधिक जाचते. शिवाय चाळीच्या पुनर्विकासाची संमतिपत्रे, बँकेचे कागद, उपचारांविषयीचे निर्णय यांवर सही त्याच माणसाची असते. त्याची निर्णयशक्ती शाबूत असतानाच त्याची इच्छा विचारून ठेवणे हे त्याच्याच हिताचे आहे.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एडिंबरा येथे तयार झालेली चाचणी कागद-पेन्सिलीवर पंधरा-वीस मिनिटांत होते. भाषा, शब्दस्फूर्ती, नियोजन, स्मरण व अवकाशाचे आकलन तपासून शुश्रूषा करणाऱ्याला वर्तनाविषयी वेगळे प्रश्न विचारले जातात. हात वा जीभ मंद असल्याने गुण कापले जाऊ नयेत, याचीही तीत सोय आहे. मात्र एकदाच चाचणी घेऊन भागत नाही. ठरावीक महिन्यांनी ती पुन्हा घेतली तरच आलेख हाती येतो.

अडचण आहे ती भाषेची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी बोधनचाचण्यांचा जो संच सिद्ध केला, तो प्रारंभी इंग्रजीखेरीज हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत तयार झाला. मराठी त्यांत नव्हती. केवळ भाषांतराने ही उणीव भरून निघणार नाही. विशिष्ट अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, या प्रश्नाला बाराखडीच्या भाषेत वेगळाच अर्थ येतो. आणि चौथी शिकलेल्या गिरणी कामगाराला पदवीधराची फूटपट्टी लावणे अन्यायाचे आहे. मराठी माणसांवर पडताळलेली, शिक्षणानुसार गुणांचे निकष ठरविलेली चाचणी हवी. मुंबईतील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांनी आणि पालिका रुग्णालयांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले, तर त्याला अवाढव्य खर्च येऊ नये.

यातही एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक रुग्णांची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख राहते. अडखळत बोलणाऱ्याला वेडगळ ठरविणे हा क्रूरपणाच होय. भलत्याच वेळी आवरता न येणारे हसू वा रडू हीदेखील या विकाराचीच खूण असू शकते, बुद्धिभ्रंशाची नव्हे. तपासणी हवी ती शिक्का मारण्यासाठी नव्हे, तर शिक्का टाळण्यासाठी.

शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. तिला निदान एवढे तरी कळावे, की समोरचा माणूस तिच्यावर उलटलेला नाही. तो आजारी आहे. वीस मिनिटांच्या तपासणीने एवढे साधत असेल, तर ती टाळणे हा काटकसरीचा नव्हे, उधळपट्टीचाच मार्ग ठरेल.