आखडणे : एका क्रियापदाचा अर्थव्यवहार

ताठरलेल्या, दुखऱ्या सांध्यांसाठी शिष्ट मराठीने ‘संधिवात’ हे एकच नाम पुरेसे मानले आहे. बोलीव्यवहार मात्र क्रियापदांच्या आधाराने चालतो. प्रवरेकाठच्या कोल्हारसारख्या गावात, उसाच्या आणि कांद्याच्या रानात राबणाऱ्यांची तक्रार ‘पाय अवघडले’, ‘कंबर धरली’, ‘गुडघे आखडले’ अशा वाक्यांतून येते. ही तिन्ही क्रियापदे समानार्थी समजणे योग्य नव्हे.

‘अवघडणे’ हे एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याचे फळ. खुरपणीला बसलेल्या बाईचे पाय अवघडतात आणि चार पावले चालताच मोकळे होतात. ‘धरणे’ यात आकस्मिकता आहे; उसाची मोळी उचलताना कंबर धरते. या प्रयोगात कर्तेपण अवयवाकडे जाते आणि माणूस ‘त्याची कंबर’ असा षष्ठीपुरता उरतो. ‘आखडणे’ यात आकुंचन अभिप्रेत आहे : गुडघा पुरता सरळ होत नाही, बोटे उलगडत नाहीत. देण्यातील संकोचासाठी ‘हात आखडता घेणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, त्याच्या मुळाशी हीच शारीरिक प्रतिमा आहे.

हा भेद केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नाही. झिजलेल्या सांध्यांचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो; आज ‘आमवात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाहक विकारात तो तासाहून अधिक टिकू शकतो. दोहोंचे उपचार भिन्न आहेत आणि दाहक विकारात विलंब झाल्यास सांधे कायमचे वाकडे होण्याचा धोका असतो. आमवाताचा स्वतंत्र विचार ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथानेही केला होता. प्रचलित ‘संधिवात’ या सरसकट नामाने तो विवेक पुसट केला.

म्हणून रुग्णाच्या ‘आखडले’ या शब्दाचे घाईने ‘संधिवात’ असे भाषांतर करणे म्हणजे त्याने दिलेली माहिती टाकून देणे होय. ‘सकाळी आखडलेले सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न शुद्ध मराठी आहे, तितकाच शास्त्रीयही. कोल्हारजवळ लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी परप्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना शरीरपीडेची ही क्रियापदे प्रयोगांसह शिकविली जावीत. त्यांचा संग्रह सिद्ध करणे हे मराठी विभागांचे कर्तव्य ठरते. परिभाषा घडविताना नामांची टाकसाळ उघडण्यापूर्वी बोलीतील चलनी नाणी मोजून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.